फक्कीचं घर

घरकुलाच्या यादीत नाव लागलं त्या संध्याकाळी
शालिकनं जागेवर दोरी ताणली.
बावीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करणारा माणूस,
लग्नालाही खिशात ओळंबा घेऊन जाणारा,
त्याचा हात कापताना
मी पहिल्यांदा पाहिला.

मूठभर फक्की, मग पसाभर,
मग शाळेच्या मैदानावर उरलेली अर्धी गोणी.
इथं सपरी. इथं सैपाकखोली.
मोरी उताराकडे, बोडीच्या अंगानं.
"देवाले कोनाडा?" मी विचारलं.
"भिंत नाही अजून, कोनाडा कुठी काढू?"
तरी त्यानं हवेत एक चौकोन दाखवला
आणि मी तिथं नजरेनं दिवा ठेवून दिला.

प्राचीला जिना पाहिजे होता.
वर काही नाही गं, वर मोहाची फांदी आहे.
"मग तिथवर," ती म्हणाली.
त्यानं सात पायऱ्या आखल्या,
एकीपेक्षा एक आखूड,
आणि सातवीवर ती जाऊन बसली.

भासऱ्याच्या मागच्या खोलीतून
चैत्र सरता सरता आम्ही खाट इकडे आणली.
चारही बाजूंनी उघडे, आपल्या खोलीत निजलो.
मी हसले तसा तो कुजबुजला,
"हळू. पलीकडे पोरगी झोपली आहे."
पलीकडे म्हणजे एका रेघेपलीकडे.
हात लांबवला तर तिचे केस लागत होते.

डोमाजी कोसरे तेंदूची पानं घेऊन
सरळ चुलीवरूनच आले.
"भिंतीतून काऊन येता हो भाऊजी?"
ते थबकले. एक पाय घरात, एक बाहेर.
मागं फिरले, वळसा घातला,
दाराशी पाय झटकले
आणि वाकून आत शिरले.

सगळे हसलो. शालिक नाही हसला.
"साडेसहा फूट ठेवलं आहे दार," तो म्हणाला,
"माझ्या घरात कोणी वाकून यायचं नाही."

किती घरांचे उंबरे त्यानं बसवले,
आणि त्यातल्या किती घरांत
त्याला पाणी बाहेरच मिळालं, वरून ओतून,
मी कधी विचारलं नाही.
गवंड्याला मोजमाप पाठ असतं.

बकरीला मात्र कुठलीच भिंत मान्य नव्हती.
ती न्हाणीतून देवघरात, देवघरातून जिन्यावर.

मग वैशाखात वावधन आलं.
गावातले टिनं उडाले, खणखणत, भांडत.
आमचं घर उडालं त्याचा आवाज झाला नाही.
सकाळी नुसती लाल माती,
आणि तिच्यावर मोहाचा पाला.
प्राची सातव्या पायरीची जागा शोधत बसली.
फक्की संपली होती. हप्त्याचा पत्ता नव्हता.
मी झाडू घेतला, झाडत गेले,
आणि सैपाकखोलीच्या कोपऱ्यावर
माझी मीच वळले.
दुपारी डोमाजी आले. दारातून आले.

आषाढात सगळ्या जागेवर गवत चढलं,
फक्त दोन ठिकाणं बोडकी राहिली:
चुलीची, आणि दाराची.

पंचायत समितीचा साहेब फोटो काढायला आला,
मोबाईल वर धरून, बुटांसकट,
न्हाणीच्या भिंतीतून सरळ आत.
"मोकळीच आहे ना जागा?"
मी गप्प. शालिक गप्प.
प्राची म्हणाली, "साहेब, दार तिकडं आहे."

त्यानं आमच्याकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं,
मग त्या बोडक्या मातीकडे, खूप वेळ.
काय वाटलं त्याला, देव जाणे.
मागं गेला, वळसा घेतला,
आणि मान जराशी खाली घातली.

"वाकू नका साहेब," शालिक म्हणाला.

मी तीन दगडांवर चहाचं आधण ठेवलं.
लाकडं ओली होती, धूर झाला,
आणि खिडकी ठेवली आहे त्या बाजूनं
बाहेर गेला.